खेळण्यांसाठी रंगीत लाकडी खोकी घरी कशी करावीत

मुलाच्या खोलीत खेळणी ठेवायला काहीतरी करायचं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक भलीमोठी, झाकणाची, रंगवलेली पेटी येते. माझं पहिलंच सांगणं: ती करू नका. मोठ्या पेटीत खेळणी मावतात, पण सापडत नाहीत. तळाशी गेलेली एक गाडी काढायला मूल अख्खी पेटी पालथी करतं, आणि झाकण बोटांवर आपटण्याची धास्ती कायमची. त्यापेक्षा एकाच मापाची तीन छोटी, उघडी खोकी करा. मूल ती स्वतः ओढू शकतं, एका खोक्यात एकाच जातीची खेळणी राहतात, आणि पहिल्यांदाच करवत हातात धरणाऱ्याला तीन खोक्यांत हात बसवायची संधी मिळते. तिसरं खोकं पहिल्यापेक्षा चांगलंच होतं.

लाकडाचं काम एक-दोन दिवसांत उरकतं. वेळ खातो तो रंग. वाढदिवसाची भेट म्हणून करणार असाल तर निदान महिनाभर आधी सुरुवात करा. कारण आठव्या पायरीत येईल.

१. आधी खेळणी मोजा

सगळी खेळणी जमिनीवर ओता आणि ढीग लावा: ठोकळे, गाड्या, बाहुल्या आणि कापडी प्राणी, बाकी किडुकमिडुक. सर्वांत मोठ्या खेळण्याची लांबी मोजा. मग मुलाला जमिनीवर बसवून हात पुढे करायला सांगा. बसल्या जागेवरून हात तळापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे खोक्याची उंची २३-२५ सेंटीमीटरच्या वर नको. ठोकळ्यांसारख्या बारीक गोष्टींना तर याहूनही उथळ खोकं बरं.

या लेखात मी धरलेलं बाहेरचं माप असं: लांबी ४०० मिलिमीटर, रुंदी ३००, उंची २३०. आत साधारण २२ लिटर जागा मिळते. १२ मिलिमीटर प्लायमध्ये रिकाम्या खोक्याचं वजन तीन-साडेतीन किलो भरतं. यापेक्षा मोठं केलंत तर ठोकळ्यांनी भरलेलं खोकं लहान मुलाला हलणार नाही, आणि मग ते उचलायचं काम तुमच्याकडेच येईल.

२. लाकूड कोणतं घ्यावं

सरळ उत्तर: १२ मिलिमीटर जाडीचं, दोन्ही बाजू गुळगुळीत असलेलं प्लायवूड. ते वाकत नाही, हवामानाप्रमाणे फारसं फुगत-आकसत नाही, आणि रंग चांगला धरतं.

पाइनच्या फळ्या दिसायला छान. पण त्यांच्या गाठींतून राळ पाझरते आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगावर काही महिन्यांनी तपकिरी डाग उमटतात. पाइनच वापरायचं असेल तर गाठींवर आधी शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्या. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला पत्रा) स्वस्त आणि एकदम सपाट असतो, पण त्याच्या कडेत स्क्रू गेला की कड फाकते आणि पाणी सांडलं की फुगते. मुलांच्या खोलीत पाणी सांडणारच.

प्लाय घेताना तीन गोष्टी बघा. पत्रा आडवा धरून एका डोळ्याने कडेवरून नजर टाका, वाक लगेच कळतो. कडेच्या पापुद्र्यांत पोकळ्या आहेत का पाहा. पोकळीत गेलेला स्क्रू काही धरत नाही. आणि गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या घातक वायूची श्रेणी विचारा. ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची, म्हणजे ई-०, असा शिक्का असलेला माल घ्या. मूल त्याच खोलीत दार लावून झोपतं.

जुन्या मालवाहू पॅलेटच्या फळ्या फुकट मिळाल्या तर मोह होतो. त्यांच्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय हात लावू नका. ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेलं आहे, त्यामुळे मुलांच्या कामाला वर्ज्य. शिक्काच नसेल तरी सोडून द्या. ‘एचटी’ फळीवरही आधी काय सांडलंय ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून मी ती बागेतल्या कामालाच वापरतो.

३. सामान आणि हत्यारं

सामान:
- १२ मिलिमीटर प्लायचा अर्धा पत्रा, म्हणजे ४ फूट × ४ फूट (१२२० × १२२० मिलिमीटर). यात तिन्ही खोकी बसतात
- ३.५ × ३५ मिलिमीटरचे, चपट्या डोक्याचे लाकडाचे स्क्रू. शंभराचं एक खोकं पुरून उरतं
- लाकडाचा पांढरा गोंद
- वूड फिलर
- पॉलिश पेपर: १२०, १८०, २२० आणि ३२० नंबर
- पाण्यात मिसळणारा प्रायमर, रंग आणि वरून द्यायचा पारदर्शक थर
- मास्किंग टेप, चार इंची स्पंजचा रोलर, एक इंची ब्रश
- तळाला लावायला फेल्टच्या चकत्या

हत्यारं:
- मापाचा टेप, पेन्सिल, गुण्या (काटकोन तपासायचा)
- ड्रिल आणि २, ३.५ व ३० मिलिमीटरची बिटं, शिवाय एक काउंटरसिंक बिट (स्क्रूचं डोकं बसायला भोकाचं तोंड रुंद करणारं)
- जिगसॉ (विजेवर चालणारी, हातात धरायची छोटी करवत) किंवा बारीक दात्यांची हातकरवत
- निदान दोन क्लॅम्प, चार असतील तर सुख
- धुळीचा मास्क आणि चष्मा

रंधा आणि राउटर (कडा गोल करायचं यंत्र) असले तर उत्तम, नसले तरी काही अडत नाही. गुण्या मात्र चांगला घ्या. तो चुकीचा असेल तर पुढचं सगळंच तिरकं होतं.

४. कापणी

प्लाय घेतो तिथेच टेबल सॉवर लांब पट्ट्या पाडून मिळत असतील तर जरूर पाडून घ्या. हाताने चार फूट सरळ कापणं नवख्याला जमत नाही, आणि शिकायची ती जागाही नाही.

अर्ध्या पत्र्यातून पाच पट्ट्या काढायच्या: चार २३० मिलिमीटर रुंदीच्या आणि एक २७६ मिलिमीटरची. करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण ३ मिलिमीटर लाकूड खातं. चार कापांचे १२ मिलिमीटर धरून बेरीज १२०८ होते. पत्रा १२२० चा, म्हणजे बसतं, पण जेमतेम. पत्र्याची कड चेचलेली असेल तर सगळ्या उंच पट्ट्या २२८ च्या करा. दोन मिलिमीटर कोणाला दिसत नाहीत.

मग तुकडे:
- २३० च्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी तीन तुकडे, ४०० लांबीचे. या सहा लांब बाजू.
- उरलेल्या दोन पट्ट्यांतून एकूण सहा तुकडे (एकीतून चार, दुसरीतून दोन), २७६ लांबीचे. या आखूड बाजू.
- २७६ ची पट्टी तशीच बाजूला ठेवा. तळ आत्ता कापू नका.

हा इशारा ठळक करायला कारण आहे. १२ मिलिमीटर म्हणून विकलेलं प्लाय पुष्कळदा ११ किंवा ११.५ भरतं. आखूड बाजू लांब बाजूंच्या मध्ये बसतात, त्यामुळे तळाची रुंदी २७६ पक्की असते, पण लांबी जाडीवर ठरते. कागदावर ती ३७६ येते, प्रत्यक्षात ३७८ निघू शकते. चौकट जोडून झाली की आतून टेप लावायचा आणि तेवढाच तळ कापायचा.

कापताना करवत रेघेवरून चालवू नका, रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवा. जिगसॉचं पातं वरच्या दिशेने चावतं, म्हणून वरचा पापुद्रा फाटतो. चांगली बाजू खाली ठेवा आणि रेघेवर मास्किंग टेप चिकटवून त्यावरून कापा.

आखूड बाजूंच्या दुसऱ्या पट्टीचा दोन फुटांहून लांब तुकडा उरेल. तो फेकू नका, रंगाच्या चाचणीला लागतो.

५. हाताची खाच

मूठ किंवा हँडल बाहेरून लावण्यापेक्षा आखूड बाजूंत आरपार खाच पाडणं चांगलं. बाहेर आलेल्या मुठीवर मूल आपटतं आणि ओढून ओढून तिचे स्क्रू ढिले होतात.

वरच्या कडेपासून ५५ मिलिमीटरवर आडवी रेघ मारा. तुकड्याच्या मधोमध खूण करून दोन्हीकडे ३५-३५ मिलिमीटरवर ठिपका द्या. दोन्ही ठिपक्यांवर ३० मिलिमीटरची भोकं पाडा, मधला भाग जिगसॉने कापून काढा. १०० मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर उंच अशी खाच मिळते, मोठ्यांची चार बोटंही तीत सहज जातात. भोक पाडताना मागे टाकाऊ फळीचा तुकडा क्लॅम्पने घट्ट आवळा. नाहीतर बिट पलीकडून बाहेर येताना लाकडाचा लचका तोडतं.

शोभेसाठी चांदण्या-चंद्राची छोटी भोकं पाडायचा विचार असेल तर एक पथ्य पाळा: भोक ५ मिलिमीटरपेक्षा लहान हवं किंवा १२ पेक्षा मोठं. मधल्या मापात लहान बोट शिरतं आणि अडकतं.

दोरीचे कान लावणार असाल तर ते आखूडच ठेवा, गळ्यात अडकेल असा फास नको.

६. जोडणी

आधी गोंद न लावता चारही बाजू उभ्या करून बघा. आता नाही जुळल्या तर गोंद लावूनही जुळणार नाहीत.

लांब बाजूच्या दोन्ही टोकांना, कडेपासून ६ मिलिमीटर आत, उभी रेघ मारा. तिच्यावर तीन खुणा करा: वरून ४० मिलिमीटरवर, मधे आणि खालून ४० वर. बाहेरच्या तुकड्यात ३.५ चं भोक पाडा आणि काउंटरसिंकने तोंड एवढं रुंद करा, की स्क्रूचं डोकं लाकडाच्या किंचित खाली बसेल. मग तुकडे जागेवर क्लॅम्प करून त्याच भोकातून आतल्या तुकड्याच्या कडेत २ मिलिमीटरचं बारीक भोक पाडा. हे दुसरं भोक टाळायचा मोह सगळ्यांना होतो. प्लायच्या कडेत स्क्रू थेट घातला तर तो पापुद्रे फाकवत जातो, बाहेरून फुगवटा येतो, आणि तो फुगवटा घासून जात नाही.

कडेला गोंदाची पातळ रेघ द्या, जोडा, स्क्रू हलक्या हाताने बसवा. ड्रिलचा क्लच (जोर कमी-जास्त करायची पुढची कडी) कमी नंबरावर ठेवा आणि शेवटचे दोन फेरे हाताच्या स्क्रू-ड्रायव्हरने द्या. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या गोंदावर रंग धरत नाही, तिथे पापुद्रे सुटतात.

आता चौकट काटकोनात आहे का ते तपासायचं, गोंद ओला असतानाच. टेपने दोन्ही कर्ण मोजा. ४०० आणि ३०० च्या खोक्याचा कर्ण ५०० येतो (शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण इथे कामी येतो). प्लाय पातळ निघालं असेल तर आकडा एखाद-दोन मिलिमीटर कमी भरेल, त्याने बिघडत नाही. दोन्ही कर्ण सारखे असले म्हणजे झालं. फरक असेल तर जो कर्ण लांब आहे त्याची दोन टोकं हातांनी एकमेकांकडे दाबा, पुन्हा मोजा, आणि क्लॅम्प लावून सोडून द्या.

अर्ध्या-पाऊण तासाने तळाचं माप घ्या, कापा आणि आत बसवा. खालच्या कडेपासून ६ मिलिमीटरवर रेघ मारून लांब बाजूंना तीन-तीन आणि आखूड बाजूंना दोन-दोन स्क्रू. तळ बसला की खोकं आपोआप काटकोनात धरून राहतं. गोंदाला पूर्ण जोर यायला एक दिवस द्या, तोवर त्यावर कोणाला बसू देऊ नका.

७. भरणं आणि घासणं

स्क्रूच्या डोक्यांवर आणि कडेच्या पोकळ्यांत वूड फिलर भरा, थोडा वर उचलून. तो वाळताना आकसतो. खोल खड्ड्यात दोनदा भरावा लागतो.

मग १२० नंबरने सगळं खोकं, नंतर १८० ने. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात. वरच्या कडा आणि खाचेच्या कडा नीट गोलसर करा, तीनेक मिलिमीटर तरी. खोक्यावर ओणवं होऊन मूल छाती आणि हनुवटी टेकवतं ती हीच कड. शिवाय धारदार कडेवर रंगाचा थर पातळ बसतो आणि तिथूनच आधी उडतो.

झालं असं वाटलं की जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सगळ्या कडांवरून, खाचेच्या आतून, तळाच्या खालूनही फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे. बोटाला न लागणारं कुसळही मोज्याला सापडतं.

घासताना मास्क घाला आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट, मग प्लाय कितीही चांगलं असो.

८. रंग

कोणता रंग? पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इनॅमल. तेलाचा इनॅमल चकाकतो जास्त, पण वास आठवडे जात नाही आणि पांढरा रंग पुढे पिवळा पडतो. डब्यावर शिसेविरहित लिहिलेलं हवं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा बऱ्याच देशांत ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे. ‘ईएन ७१-३’ असा उल्लेख दिसला तर आणखी चांगलं. खेळण्याच्या रंगातून शिशासारखी घातक मूलद्रव्यं किती बाहेर यावीत याची मर्यादा घालणारं हे युरोपीय मानक आहे. कपाटाच्या माथ्यावर पडलेला, वर्ष माहीत नसलेला जुना डबा मुळीच वापरू नका. मुलं कडा चावतात.

क्रम असा. ओल्या फडक्याने धूळ पुसा, वाळू द्या. प्रायमरचा एक हात सगळीकडे आणि कडांना दोन, कारण कापलेली कड रंग पिते. प्रायमर लावल्यावर लाकडाची लव उभी राहते आणि हाताला खरखर लागते. ती ३२० नंबरने हलकेच घासा. त्यानंतर रंगाचे दोन किंवा तीन हात, पातळ. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ द्या. दमट हवेत त्याच्या दुप्पट.

सपाट बाजूंना रोलर, कोपऱ्यांना ब्रश. कोपरे आधी, सपाट भाग नंतर, म्हणजे ब्रशच्या रेघा रोलरखाली मिटतात. अर्धवट वाळलेल्या जागी ‘जरासं नीट करू’ म्हणून पुन्हा ब्रश फिरवलात की सालपटं निघाल्यासारखा डाग पडतो. चूक दिसली तरी वाळू द्या, घासा, पुढच्या हातात झाकली जाते.

आता रंगीतपणाबद्दल. पिवळा, नारिंगी आणि भडक लाल हे रंग झाकायला कच्चे असतात, खालचं सगळं दाखवतात. पिवळ्याखाली शुभ्र पांढरा प्रायमर हवाच, लालखाली राखाडी प्रायमर घेतला तर एक हात वाचतो. निळा आणि हिरवा सहसा दोन हातांत झाकतात. उरलेल्या तुकड्यावर आधी लावून, वाळवून, खोलीतल्या दिव्याखाली बघा. दुकानातल्या पट्टीवरचा फिका पिवळा चार बाजूंवर चढला की डोळ्यांत खुपू शकतो.

मुलाला रंग निवडू द्या, पण तुम्ही आधी बाजूला काढलेल्या पाच-सहांतून. माझं मत विचाराल तर एका खोक्याला एकच रंग द्यावा आणि आतून तिन्ही खोकी फिकी ठेवावीत. आतला गडद रंग काळ्या चाकांना आणि बारीक तुकड्यांना गिळून टाकतो.

पट्टे किंवा त्रिकोण हवे असतील तर पहिला रंग निदान एक दिवस वाळू द्या. मास्किंग टेप लावून तिची कड नखाने दाबा. मग टेपच्या कडेवरून आधी खालचाच रंग एकदा फिरवा. टेपखाली झिरपायचं ते तोच रंग झिरपतो आणि फट बंद होते. तो वाळला की वरचा रंग द्या आणि टेप रंग ओलसर असतानाच, स्वतःवर उलटी दुमडत, सावकाश ओढा. रेघ सुरीने कापल्यासारखी येते.

शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक पॉलियुरेथेनचे दोन हात, मॅट किंवा अर्धी चमक असलेले. पूर्ण चकाकीवर पहिल्याच आठवड्यात चरे दिसतात.

आणि हे थांबण्याबद्दल. हाताला कोरडा लागणारा रंग आतून कच्चाच असतो. पाण्याचे इनॅमल पक्के व्हायला दोन ते चार आठवडे घेतात. त्याआधी खोकी एकावर एक ठेवलीत तर ती चिकटतात आणि सोडवताना दोन्हींचा रंग निघतो. तळाच्या कोपऱ्यात नख दाबून बघा. ठसा उमटला तर अजून वेळ आहे.

९. तरीही झाकण हवं असेल तर

सुटं, वर ठेवायचं, हलकं झाकण करा आणि विषय संपवा. बिजागरीचंच हवं असेल तर साधी बिजागरी चालणार नाही. झाकण कुठल्याही कोनात सोडलं तरी तिथेच थांबेल असा लिड-सपोर्ट लागतो. खेळण्यांच्या पेट्यांसाठी असलेल्या अमेरिकी मानकात सोडलेलं झाकण आपल्या वजनाने १२ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली येता कामा नये, असा नियम आहे. सपोर्ट झाकणाच्या वजनानुसार निवडायचा असतो, म्हणून झाकण रंगवून झाल्यावर वजन करा आणि मग विकत घ्या.

मूल आत बसू शकेल एवढी पेटी असेल तर हवेसाठी भोकं सक्तीची समजा: दूरदूर, आणि पेटी भिंतीला टेकवली किंवा झाकण बंद असलं तरी उघडी राहतील अशी. कडी, कुलूप, चुंबकी पकड यांतलं काही नको.

१०. खोलीत ठेवताना

तळाला फेल्ट लावा. चाकं मी लावत नाही. चाकांचं खोकं म्हणजे मुलांच्या लेखी गाडी, आणि त्यात बसलेलं भावंड ढकललं जातं ते थेट पलंगाच्या पायावर. खोकी जमिनीवरच ठेवा. मांडणीत सरकवायची असतील तर मांडणी भिंतीला स्क्रूने बांधलेली हवी, कारण खालच्या खोक्याच्या कडेवर पाय देऊन मुलं वर चढतात.

वाचता न येणाऱ्या मुलासाठी समोरच्या बाजूवर खेळण्याचं चित्र लावा. त्याच खेळण्याचा फोटो काढून चिकटवला तर आणखी पटकन कळतं. कागदावर रुंद पारदर्शक टेप लावा, पण रंग पक्का झाल्यावरच.

प्रत्येक रंगाचे दोन-तीन चमचे झाकणाच्या छोट्या बाटलीत काढून ठेवा आणि वर रंगाचं नाव व नंबर लिहा. कोपरे वर्षभरात खरचटतात. ३२० ने घासायचं, बारीक ब्रशने दोन टिपके द्यायचे, वर पारदर्शक थराचा एक हात. हे काम मुलाला दिलंत तर ते आनंदाने करतं, आणि गरज नसलेल्या जागीही करतं.